आधी तिला

४ एप्रिल

आज सकाळी ग्वाल्हेरला उतरलो. अंशुलने दोन्ही बॅगा स्वतः उचलल्या, मला पाण्याची बाटलीसुद्धा धरू दिली नाही. टेम्पोतून येताना तो उत्साहाने एकेक दाखवत होता. हा महाराज बाडा, हा पाटणकर बाजार, ते बघ आपलं दुकान, पंखे, कूलर, इन्व्हर्टर. मग एका वाक्याच्या मध्येच त्याचा डोळा लागला. किला गेटला मी त्याला हलवून उठवलं तेव्हा टेम्पोवाला हसला. मीही हसले. लग्नाची दगदग झाली आहे.

घर दोन मजली, सिमेंटचं, नीटनेटकं आहे. गच्चीवर उभं राहिलं की समोर किल्ल्याची भिंत. सासूबाईंना घरात आईसाहेब म्हणतात. दारात माप ओलांडायला लावून म्हणाल्या, थकून राहिली असशील अवंतिका, आत ये. इथलं मराठी असं आहे. ऐकायला मजा येते. या घराण्यातली माणसं एके काळी किल्ल्याच्या दरवाज्यावर पहाऱ्याला होती. त्यावर आईसाहेबांचा टोमणा असा, की याच्या पणजोबांनी दरवाजा सांभाळला, हा गॅरंटी कार्ड सांभाळून राहिला. अंशुल म्हणाला, दरवाज्याला कुठे गॅरंटी होती, म्हणून तर गेला.

अडतिसाव्या वर्षी मला घर मिळालं. साताऱ्यात भावाच्या हॉलमधल्या दिवाणावर इतकी वर्षं झोपले. इथल्या खोलीला दोन खिडक्या आहेत.

५ एप्रिल

अंशुलची पहिली बायको, सोनिका, तीन वर्षांपूर्वी वारली. हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. टाकाचं सांगितलं नव्हतं.

आज आईसाहेबांनी देवघरातून एक डबी काढली. आत नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली उभी बाई. दुसरेपणावर आलेल्या सुनेनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी या घरची रीत आहे. घरात काही नवं आलं की आधी टाकाला दाखवायचं, कुंकू लावायचं, मग आपण वापरायचं. साडी असो, मोसमातला पहिला आंबा असो, नवी कढई असो. आधी तिला. मान राखला की ती सुखाने नांदू देते.

मला हसू आलं, पण रागही आला नाही. गेलेल्या बाईची अशी रोज आठवण ठेवणारं घर वाईट नसावं. काळा दोरा फार आखूड आहे. टाक बरोबर गळ्याच्या खळीत बसतो. थोडा सैल करू का म्हणून विचारलं, तर आईसाहेब म्हणाल्या, इतकाच असतो.

अंशुल त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होता.

९ एप्रिल

अंशुल फार घोरतो. पण घोरणं चालू असतं तोवर ठीक. मध्येच ते थांबतं. छाती वर यायचा प्रयत्न करते, पोट ओढलं जातं, आवाज मात्र नाही. हवा आत जातच नाही. मग बुडणारा माणूस वर यावा तसा तो हुंकार देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही.

मी आईसाहेबांना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, हो, थांबतो तो. थांबला की हलवायचं. सोनिका हलवायची. तिचा एक हात नेहमी त्याच्या छातीवर असायचा. संसार झाला तेवढी सगळी वर्षं ती तशीच झोपली.

सोनिका कशी गेली, ते आज कळलं. मे महिन्यातल्या एका दुपारी ती म्हणाली, आज मला कुणी उठवू नका. कुणी उठवलं नाही. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. आईसाहेब म्हणाल्या, झोप पुरी करून गेली बिचारी.

मी ठरवलं आहे, हलवत बसायचं नाही. यावर उपचार असतात.

२१ एप्रिल

बारा दिवस गडबडीचे गेले. डॉक्टर गरिमा नावाच्या तज्ज्ञ आहेत, समजावून सांगतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. असंच चालू राहिलं तर हृदय थकेल, पक्षाघात होईल, किंवा गाडी चालवताना डोळा लागेल.

शेवटचं झालंच आहे. परवा स्कूटर दुभाजकावर गेली. गुडघ्यावर निभावलं. किल्ली आता माझ्याकडे आहे.

उपाय त्यांनी एकेक करून सांगितले. वजन उतरवा, संध्याकाळचा पेग बंद, पाठीवर झोपू नका. मी त्याच्या बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. तो पाठीवर वळला की टोचतो आणि कुशीवर होतो. अंशुल म्हणाला, आता मला बॅट पण दे. तीन दिवसांत तो चेंडूवरही झोपायला शिकला. मग दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी करून घेतली. ती झोपेत काढून फेकतो, सकाळी पलंगाखाली सापडते. ऑपरेशन आहे, पण खात्री नाही. जिभेच्या नसेला झटका देऊन जागं ठेवणारं यंत्र छातीत बसवतात म्हणे, ते मोठ्या शहरात. सगळ्यात भरवशाचा म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क, नळीतून दाबाने हवा. वाट मिटायला जागाच राहत नाही.

अंशुल डॉक्टरांना म्हणाला, जन्मभर लोकांना हवा विकली, आता मी विकत घेणार.

तो हसतो तेव्हाही डोळ्यांखाली काळं असतं. मला हा माणूस हवा आहे. मला तो मरायला नको आहे.

२ मे

मशीन आलं. कंपनीचा माणूस घरी येऊन बसवून गेला. पांढरं, ब्रेडच्या पाकिटाएवढं, आवाज जवळजवळ नाहीच. इन्व्हर्टर आपल्याच दुकानचा, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही.

अंशुलने मास्क हातात घेतला तेवढ्यात आईसाहेब म्हणाल्या, थांब, नवीन वस्तू आहे. कंपनीचा माणूस गोंधळून बघत होता. मला लाज वाटायला हवी होती. पण त्यांना बरं वाटावं, आणि थोडी मौजही, म्हणून मीच पुढे झाले. मास्कच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं आणि तो माझ्या गळ्याशी, टाकावर धरला. म्हटलं, घ्या सोनिकाताई, आधी तुम्ही.

मशीन सुरू झालं.

आम्ही सगळेच दचकलो आणि मग हसलो. कंपनीच्या माणसाने सांगितलं, ते आपोआप सुरू होतं. मास्कमध्ये कुणी श्वास घेतला की त्याला कळतं. हात लागून झालं असेल, हो जाता है.

७ मे

अंशुल शांत झोपतो. पहाटे उठून गच्चीवर जातो. काल बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी घेऊन आला, आल्या आल्या गाणं म्हणत होता. दुकानातले दौलतसिंह फोनवर म्हणाले, भाभीजी, सेठ अब ग्राहक से पहले नहीं सोते. चेहऱ्यावरून पाच वर्षं उतरली आहेत. आईसाहेब त्याच्याकडे बघत राहतात आणि मग माझा हात दाबतात.

मी हे केलं. एवढं तरी आयुष्यात केलं.

१२ मे

ऊन फार आहे. दुपारी बाहेर लू वाहते, सगळं गाव दारं लावून झोपतं.

मशीनचं एक अ‍ॅप मोबाईलवर आहे, त्यात रात्रीचा हिशोब दिसतो. त्यात दुपारचाही दिसला. अंशुल दुकानात असताना मशीन चाललं होतं. मास्क नीट बसला होता, गळती नाही, असंही लिहून आलं. मला वाटलं, आईसाहेब गंमत म्हणून लावून बघत असतील. विचारलं. त्या म्हणाल्या, मी त्या खोलीत जातच नाही दुपारची.

का जात नाही, ते सांगितलं नाही.

१४ मे

दुपारी मी खोलीत बसून राहिले. कूलर बंद केला, आवाज नको म्हणून.

मास्क पलंगाच्या खुंटीला लटकवलेला असतो. त्याची कड फुगली आणि बसली. पुन्हा फुगली. मशीनवरचा हिरवा दिवा लागला होता. मी कान जवळ नेला. हवा सलग बाहेर येत नव्हती. आत जात होती, मग थोडं थांबून बाहेर. संथ. कित्येक वर्षांनी निवांत झोपलेल्या माणसाची असते तशी.

गळ्याशी ओलं लागलं. मला वाटलं, घाम. टाक उलटा करून पाहिला. मागची बाजू धुरकट झाली होती, आरशावर श्वास सोडल्यावर होते तशी. पुसली. पुन्हा धुरकट झाली.

१७ मे

आज दुपारी डोळा लागला आणि मी गुदमरून उठले. घसा मोकळा होता. छाती उचलत होती. हवा आत येत होती, पण माझ्यापर्यंत पोचत नव्हती. गळ्याच्या खळीपर्यंत यायची आणि तिथे संपायची.

हे मला नीट लिहिता येत नाही.

२० मे

रोज. डोळा लागला की.

अंशुलला सांगितलं. तो घाबरला, त्याने शपथ घेतली, मी तुला उठवीन. पण मशीन लावल्यावर तो दगडासारखा झोपतो. इतक्या वर्षांची थकबाकी आहे. काल मी त्याच्या शेजारी तडफडत होते आणि तो झोपेत हसत होता.

आईसाहेब म्हणाल्या, मी जागी राहीन. खुर्चीत बसल्या. त्यांचंही वय झालं आहे.

सोनिकालाही कुणी उठवलं नव्हतं.

२४ मे

डॉक्टर गरिमांनी माझीही तपासणी केली. रात्रभर तिथे झोपायचं, डोक्याला, छातीला तारा. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, गळ्यातलं काढून ठेवा. मी टाक काढून पर्समध्ये ठेवला. झोपले. या घरात आल्यापासून इतकी झोपले नव्हते.

सकाळी घरी आले तर दार उघडंच. आईसाहेबांचे केस सुटलेले. अंशुल पलंगावर बसून होता. गालावर बोटं उठलेली, ओठ जांभळे. मास्क लावलेला होता, मशीन चालू होतं, हवा येत होती, तरी त्याचा श्वास थांबत होता. आईसाहेबांनी रात्रभर त्याला थापडा मारून जागं ठेवलं होतं.

त्यांनी तळहात पुढे केला. मी पर्समधून टाक काढून दिला. चपला काढायच्या आत त्यांनी दारातच माझ्या गळ्यात बांधला. दुहेरी गाठ.

अंशुलचा रंग लगेच परत आला. मी बघितलं.

२७ मे

माझा अहवाल आला. काही नाही. अगदी निरोगी झोप.

डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला उपचाराची गरजच नाही. मी विचारलं, पण असती तर कोणते? त्यांनी सगळे पुन्हा सांगितले. कूस, पट्टी, मशीन, ऑपरेशन, नसेचा झटका. सगळे घसा उघडा ठेवण्याचे. माझा घसा मिटत नाही. माझ्याआधी कुणी तरी श्वास घेऊन टाकतं. त्यावर काय आहे, असं मी विचारलं नाही. नवं लग्न, नवं गाव, मनावर ताण येतो, असं त्या प्रेमाने म्हणाल्या आणि दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

१ जून

मी एक युक्ती केली. अंशुल दुकानात असतो, जागा असतो. तेवढ्या वेळात टाक काढायचा आणि झोपून घ्यायचं. कात्रीने दोरा कापला. झोप आली. थंड, काळी, पूर्ण झोप.

दौलतसिंहांच्या फोनने उठले. भाभीजी, सेठ को कुछ हो गया. तो गिऱ्हाईकाशी घासाघीस करत होता, पूर्ण जागा. कूलरचा भाव सांगितला आणि पुढचा श्वासच घेतला नाही. स्टुलावरून खाली आला.

मी फोन हातात धरूनच दोरा बांधला. पलीकडून दौलतसिंह म्हणाले, आ गई, साँस आ गई.

४ जून

आईसाहेबांना म्हटलं, तुम्ही घाला. त्यांनी लगेच घातला, मागेपुढे पाहिलं नाही. ती त्यांच्या वाटेलाही गेली नाही. तिकडे अंशुलचे ओठ — मी ओढूनच परत घेतला.

मग त्या माझ्याजवळ बसल्या. केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, बेटा, मला एकच आहे.

माझा भाऊ फोनवर म्हणाला, नव्या घरात रुळायला वेळ लागतो.

८ जून

अंशुल माझ्यासाठी दुसरं मशीन घेऊन आला. कुणाच्या चिठ्ठीशिवाय, ओळखीतून. स्वतः जोडलं. परवा तो म्हणाला होता, तू झोप, मी मशीन न लावता बसतो. बसला. थोड्या वेळाने त्याचा डोळा लागला आणि मीच त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला हलवत होते. तो रडला. चांगला माणूस आहे.

आईसाहेब कुंकवाची कोयरी घेऊन दारात उभ्या. आधी तिला.

मी नाही म्हटलं. हे नाही. हे माझं. दार लावून घेतलं आणि मास्क लावला. हवा आली. गार. नाकापर्यंत आली आणि मग वळली — खाली, गळ्याकडे. मास्क माझ्या चेहऱ्यावर घट्ट बसत गेला. तो हवा देत नव्हता. ओढत होता.

१२ जून

झोपायचं नाही. गच्चीवर चालते. भिंत. भिंतच भिंत. खाली पणजोबा पहारा करत होते, म्हणे. जागे राहत होते. कसे?

काय पुरतं तिला? माझ्याकडून साडी घेतली. आंबा घेतला. मीच दिलं सगळं. मीच म्हटलं, घ्या, आधी तुम्ही.

तिला राग नाही. तेवढं कळतं. ती फक्त झोपली आहे. शांत. आणि कुणीही तिला उठवू नये —

१५ जून

आईसाहेबांनी विचारलं, तुला कोणता रंग आवडतो गं. सहज विचारून राहिले.

मी विचारलं, कशाला.

त्या मेथी निवडत राहिल्या.

हिरवा, म्हटलं. मग कळलं. नवी साडी कुणाला तरी आधी दाखवायची असते. दाखवणारीला माझा आवडता रंग ठाऊक असला पाहिजे. ती जी येईल —

१७ जून

निघून जावं तर टाक घेऊन जावं लागेल. काढून जावं तर तो —

नाही.

डबी देवघरात तशीच आहे. आज उघडली. आत कापसावर दोन खळगे. एक सोनिकाच्या टाकाचा. दुसरा आधीपासून असेल. असेल ना?

१९ जून

दुकानाला सुट्टी. दुपार. अंशुल शेजारी झोपला आहे. मास्कखाली ओठ दिसतात. गुलाबी. मी कात्री उशीखाली ठेवली होती. काढली. दोऱ्याला लावली. त्याचा रंग बघत होते. पातं थोडंसं मिटलं, तेवढ्यात तो झोपेत म्हणाला, अवंतिका. सोनिका नाही. अवंतिका.

कात्री खिडकीतून टाकली.

आता लिहीत राहायचं. हात चालतो तोवर डोळा लागत नाही. आईसाहेब खाली आहेत. मी हाक मारली तर येतील. मी म्हटलं होतं ना त्यांना, हाक मारीन, मला उठवा.

टाक ओला आहे. ऊबदार. एक श्वास त्याचा. एक तिचा. मग मी थांबते. मग माझा. आखूड.

त्याचा. तिचा.

त्याचा. तिचा. माझा, थोडा.

दमले. जरा पाठ टेकते, लिहिता लिहिताच. जी येईल तिला मी सांगेन, साडी नको मला, आंबा नको, आधी मला फक्त

त्याचा.

तिचा. अजून घेते आहे. अजून. आता माझ